पाइनवुड डर्बी : पहिल्यांदाच गाडी बनवणाऱ्या कुटुंबांसाठी

देवदार

जानेवारी ते मार्च या काळात अमेरिकेतल्या बहुतेक कब स्काउट पॅकांची, म्हणजे लहान मुलांच्या स्काउट गटांची, पाइनवुड डर्बी होते; ही मुलांनी बनवलेल्या छोट्या लाकडी गाड्यांची शर्यत. डिसेंबरच्या सुट्टीआधी मुलाच्या हातात गाडीच्या सामानाची ती छोटी खोकी पडली, की ज्या घरात आजवर करवत आलेली नाही तिथले आईवडील गडबडून जातात. न्यू जर्सीतल्या एका पॅकमध्ये नव्या कुटुंबांसाठी मी या गाड्यांची कार्यशाळा घेतो, आणि तिथे येणाऱ्या मराठी पालकांचे प्रश्न दरवर्षी साधारण तेच असतात. ते एकदा नीट लिहून ठेवावेत म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांच्या कानावर हा प्रकार आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच येथे डॉन मर्फी या कबमास्टरने, म्हणजे पॅकच्या प्रमुखाने, ही शर्यत सुरू केली. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाला सोपबॉक्स डर्बीत, म्हणजे मुलांनी स्वतः आत बसून उतारावरून सोडायच्या बिनइंजिनाच्या गाड्यांच्या शर्यतीत, उतरायचे होते, पण वय आडवे आले. तेव्हा मर्फींनी तळहातावर मावणारी लाकडी गाडी आणि तिच्यासाठी उताराचा ट्रॅक अशी कल्पना काढली. १५ मे १९५३ रोजी त्यांच्या पॅक २८०-सीची पहिली शर्यत झाली. १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये 'बॉइज लाइफ' मासिकाने गाडीचा आराखडा छापला, आणि ही शर्यत देशभर पसरली.

खोकीत पाइनच्या लाकडाचा एक ठोकळा असतो, सात इंच लांब, पावणेदोन इंच रुंद आणि सव्वा इंच उंच. त्याच्यासोबत प्लास्टिकची चार चाके आणि चार खिळे असतात. हे खिळेच गाडीचे आस. तयार गाडीचे वजन पाच औंस, म्हणजे १४१.७ ग्रॅम, यापेक्षा जास्त चालत नाही. लांबी सात इंचांत आणि रुंदी पावणेतीन इंचांत बसावी लागते. ट्रॅकच्या प्रत्येक लेनच्या मधोमध एक उंचवटा असतो आणि गाडी त्याच्या दोन्ही बाजूंना चाके ठेवून धावते, त्यामुळे गाडीच्या पोटाखाली तीन सूत (इंचाचे तीन अष्टमांश) मोकळी जागा ठेवणे भाग असते. हे सर्वसाधारण नियम झाले. तुमच्या पॅकचा नियमांचा कागद वेगळे काही सांगत असेल तर तोच अंतिम समजावा आणि लाकडाला हात लावण्याआधी वाचावा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. नव्या कुटुंबांची सगळी शक्ती गाडीच्या आकारावर खर्च होते. वडील करवत, ड्रिल आणि रंगाचे डबे घेऊन गॅरेजमध्ये जातात, मूल दारात उभे राहून बघते, आणि अखेरच्या रात्री बाराच्या सुमाराला खिळे ठोकून चाके बसवली जातात. गाडीच्या वेगाचा हिशेब मांडला तर हा क्रम नेमका उलटा हवा. आकाराचा वाटा त्यात थोडा आहे. वेग ठरतो तो खिळ्यांचा गुळगुळीतपणा, चाकांची सरळ चाल, ग्रॅफाइटचे वंगण आणि गाडीत घातलेल्या वजनाची जागा या चार गोष्टींवर, आणि या चारांतली बहुतेक कामे सात वर्षांचे मूल करू शकते. ज्या कामाला विजेची अवजारे लागतात आणि जे मुलाला करू देता येत नाही, तेच काम वेगाच्या दृष्टीने सर्वांत कमी महत्त्वाचे आहे. ही गोष्ट मनात पक्की झाली की कोणी काय करायचे हा घरातला वाद बराचसा मिटतो.

खिळ्यांपासून सुरुवात करू. खोकीतला खिळा भिंगाखाली धरून पाहिला तर डोक्याच्या आतल्या बाजूला साच्याच्या धारदार कडा आणि दांड्यावर आडवे ओरखडे दिसतात. चाक फिरताना दांड्यावर आणि डोक्याच्या आतल्या बाजूवर घासत असल्याने या दोनच जागा महत्त्वाच्या. बारीक कानशीने डोक्याखालच्या कडा काढाव्यात. मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरू करून ६००, १०००, २००० अशा चढत्या क्रमाने पाण्यात भिजवलेल्या पट्ट्यांनी दांडा घासावा आणि शेवटी धातूच्या पॉलिशने चमकवावा. खिळा ड्रिलमध्ये पकडून फिरवला तर काम लवकर होते. त्यासाठी ड्रिलचा खटका मोठ्यांच्या हातात, पट्टी मुलाच्या हातात आणि दोघांच्याही डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. ड्रिल नसेल तर पट्टीत खिळा धरून बोटांनी फिरवत घासला तरी चालते, फक्त वेळ अधिक लागतो. पेपरचा नंबर बदलताना आधीचे सगळे ओरखडे गेले आहेत की नाही, हे मुलालाच भिंगातून तपासू द्यावे. या बाबतीत मुले आपल्यापेक्षा जास्त कडक असतात.

चाकांच्या कडेवर साच्याची बारीक रेघ राहिलेली असते, ती हलक्या हाताने काढावी. त्यापलीकडे चाकाला हात लावू नये, कारण चाक कोरून हलके करण्याला बहुतेक पॅकांची मनाई असते. ग्रॅफाइटची पूड चाकाच्या भोकात, खिळ्याच्या डोक्याखाली आणि गाडीच्या ज्या जागी चाकाची आतली बाजू टेकते तिथे लावावी, चाक फिरवावे, पुन्हा लावावी, पुन्हा फिरवावे. तेल लावू नये. बऱ्याच पॅकांच्या नियमांत ते बसत नाही, आणि त्यावर धूळ धरते ते वेगळेच. ग्रॅफाइटचे काम वर्तमानपत्र अंथरून, जुने कपडे घालून आणि शक्यतो घराबाहेर करावे, नाहीतर सोफ्यावरचे काळे हात पुढच्या दिवाळीपर्यंत दिसतात.

चाक आणि गाडीचे अंग यांच्यामध्ये साधारण क्रेडिट कार्डाच्या जाडीइतकी फट ठेवावी. प्रत्यक्ष कार्डच मध्ये धरून खिळा दाबला तर मोजावे लागत नाही.

वजनाबद्दल प्रतिसादांत लिहितो, कारण त्यावर प्रश्न येणारच.

रेवा_एडिसन

धन्यवाद, देवदारजी. माझी मुलगी दुसरीत, म्हणजे पॅकमधल्या वुल्फ डेनमध्ये (दुसरीच्या मुलांच्या गटात) आहे. आम्ही अपार्टमेंटमध्ये राहतो, घरात एक स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडी एवढाच संसार आहे. यजमानांचे म्हणणे असे की ऑनलाइन मिळणारी आधीच कापलेली गाडी मागवावी आणि मोकळे व्हावे. तसे केले तर मुलीने काय केले, असा मला प्रश्न पडतो. त्यात वर्गातल्या एका मुलाने तिला सांगून ठेवले आहे, की मुलींच्या गाड्या हळू असतात. त्यामुळे ती इरेला पेटली आहे.

देवदार

रेवाताई, त्या मुलाचा हिशेब ट्रॅकवरच चुकता होईल. २०१८ पासून कब पॅकमध्ये मुली रीतसर आहेत आणि गाडीला चालवणाऱ्याचे नाव ठाऊक नसते.

आधीच कापलेला ठोकळा पॅकच्या नियमांत बसत असेल तर तो घेण्यात काही गैर नाही. पण त्याआधी तुमच्या पॅकमध्ये किंवा डेनमध्ये कापणीचा दिवस असतो का ते विचारा. अनेक पॅक एका शनिवारी कोणाच्या तरी गॅरेजमध्ये बँडसॉ लावतात. मुलांनी ठोकळ्यावर पेन्सिलीने रेघ मारून आणायची, मोठ्यांनी त्या रेघेवर कापून द्यायचे. मुलीने कागदावर गाडीची बाजू काढावी, तो कागद कापून ठोकळ्यावर चिकटवावा आणि त्या रेघेचा मान मोठ्यांनी राखावा. एवढे झाले तरी आकार तिचा झाला.

पहिल्या वर्षी साधी पाचर कापावी, पुढून पातळ आणि मागे जाड. वारा थोडा कमी अडतो, मागे वजनाला जागा मिळते आणि कापायची रेघ एकच असते. नाक मात्र टोकदार किंवा मध्ये खाच पाडलेले नसावे. सुरुवातीच्या फाटकाला लेनच्या मधोमध एक खुंटी असते आणि गाडी नाकाने तिला टेकून उभी राहते. नाक चिंचोळे झाले तर गाडी तिरपी उभी राहते आणि फाटक पडताच उंचवट्यावर आपटते.

खिळे घासणे, कापल्यावर लाकूड घासणे, रंग, ग्रॅफाइट आणि वजनकाट्यावरचे काम, हे सगळे स्वयंपाकघरातल्या टेबलावर होते. ठोकळ्याच्या तळाला खिळे बसवायच्या दोन खाचा असतात, रंग त्यांत जाऊ देऊ नका. खाचांवर चिकटपट्टी लावून मगच रंगवा, आणि शर्यतीच्या किमान आठवडाभर आधी रंगकाम संपवा, म्हणजे तो पूर्ण वाळतो.

गणिती_भाऊ

एक मूलभूत शंका आहे. पडणाऱ्या वस्तूचा वेग वजनावर अवलंबून नसतो, हे आपण आठवीत शिकलो. मग सगळे जण पाच औंसांच्या काठावर जाण्याची धडपड का करतात? आणि वजन मागे ठेवावे असे सगळीकडे सांगतात, तेही पटत नाही. उतारावर जड बाजू पुढे असेल तर गाडी जोरात जाईल असे साधे मन म्हणते.

देवदार

गणितीभाऊ, दोन्ही प्रश्न रास्त आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

वजनाचे आधी पाहू. घर्षण नसते, हवा नसती आणि चाके फिरायची नसती, तर तुमचे म्हणणे तंतोतंत खरे ठरले असते. खिळ्यावरचे घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून त्या बाबतीत जड गाडीला फायदाही नाही आणि तोटाही नाही. हवेचा विरोध मात्र गाडीच्या आकारावर आणि वेगावर ठरतो, वजनावर नाही. चाके फिरवण्यात जी ऊर्जा जाते तीही चाकांवर ठरते, आणि चाके सगळ्यांची सारखीच. तेवढीच उधळपट्टी जड गाडीच्या मोठ्या पुंजीतून होते, म्हणून तिच्याकडे प्रमाणाने अधिक शिल्लक उरते. यासाठी १४१ ग्रॅमच्या वर आणि १४१.७ च्या आत, असे वजन ठेवायचे.

आता वजनाची जागा. सगळ्या गाड्यांची नाके फाटकाशी एका रेषेत असतात आणि ट्रॅक पुढे जाऊन सपाट होतो. म्हणजे गाडीचा गुरुत्वमध्य जितका शेपटीकडे, तितका तो सुरुवातीला उतारावर उंच असतो आणि तितका जास्त खाली येतो. सुरुवातीचा उतार तीस अंशांचा धरला तर गुरुत्वमध्य एक इंच मागे नेल्यावर सुमारे अर्धा इंच उंची मिळते. चार फूट उंचीच्या ट्रॅकवर ही ऊर्जा साधारण एक टक्का जास्त, म्हणजे वेग अर्धा टक्का जास्त. हे क्षुल्लक वाटेल. पण प्रचलित ४२ फुटी ॲल्युमिनियम ट्रॅकवर गाडीला सुमारे तीन सेकंद लागतात आणि शेवटाला ती सेकंदाला पंधरा-सोळा फूट धावत असते. या वेगाने सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे दोन इंच, आणि दोन इंचांच्या फरकाने हरलेल्या मुलाचा चेहरा ज्याने पाहिला आहे तो अर्ध्या टक्क्याला हसत नाही.

फार मागे नेले तर पुढची चाके हलकी होऊन गाडी डुलू लागते. म्हणून नव्या माणसाने गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या पुढे एक इंचावर ठेवावा. ट्रॅक गुळगुळीत असेल आणि गाडी सरळ धावत असेल, तर पाऊण इंचापर्यंत मागे जायला हरकत नाही. तपासायला पट्टीच्या कडेवर गाडी आडवी तोलायची आणि ती जिथे तोलते तिथे पेन्सिलीने खूण करायची. हे काम मुलाचेच; मुलांना ते जादूसारखे वाटते.

याला जोडून एक गोष्ट. ठोकळ्यातल्या दोन खाचांपैकी एक टोकाच्या बरीच जवळ असते. ती मागे ठेवा. मागचा आस शेपटीकडे गेला की गुरुत्वमध्यही तितका मागे नेता येतो.

वजन कशाचे घालावे? टंगस्टन पाण्याच्या एकोणीस पट जड आहे, पोलाद आठ पटींहून थोडे कमी. पाचरीच्या आकारात लाकूड, चाके आणि खिळे मिळून पन्नास-साठ ग्रॅम भरतात, म्हणजे ऐंशी-नव्वद ग्रॅम वरून घालायचे असतात. तेवढे टंगस्टन साडेचार घनसेंटिमीटरच्या आसपास जागेत मावते, पोलादाला अकरा लागतात. म्हणून टंगस्टन हवे तिथे नेमके बसवता येते, पण ते महाग आहे. पहिल्या वर्षी इतका खर्च करू नये असे माझे मत आहे. जुना मार्ग शिशाचा होता. ते विषारी आहे आणि मुलांच्या हाती ते अजिबात देऊ नये.

सुतारपक्षी

देवदार यांनी खाचांचा उल्लेख ओझरता केला आहे, माझ्या मते तिथेच अर्धी शर्यत आहे. ठोकळ्यातल्या खाचा कारखान्यात पाडलेल्या असतात आणि त्या दर वेळी काटकोनात असतीलच असे नाही. कापण्याआधी गुण्या लावून पाहा. खाच तिरपी असेल तर त्यातला खिळाही तिरपा, चाक तिरपे, आणि गाडी पूर्ण ट्रॅकभर मधल्या उंचवट्याला घासत जाते. उंचवटा एक इंच पाच सूत रुंद आणि दोन चाकांमधली जागा पावणेदोन इंच, म्हणजे इकडेतिकडे हलायला सगळे मिळून एक सूत. गाडी या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत खाली येते आणि दर आपटीला थोडा वेग सोडते.

यावर अनुभवी लोकांचा उपाय असा की गाडीला मुद्दाम किंचित एका बाजूला वळवायचे. पुढचे एक चाक जमिनीपासून जरासे उचलून ठेवायचे, म्हणजे गाडी तीन चाकांवर धावते. पुढच्या दुसऱ्या चाकाचा खिळा दीड ते अडीच अंश वाकवायचा आणि गाडी उचललेल्या चाकाच्या दिशेने वळेल असा फिरवायचा. मग ते एक चाक आतल्या कडेने उंचवट्याला हलके टेकून राहते आणि मागची दोन चाके उंचवट्यापासून दूर, मोकळी धावतात. एकच हलका स्पर्श, आपटणे नाही. तपासायला चार फुटी फळी किंचित उतरती ठेवून मधोमध रेघ मारायची, गाडी रेघेवरून सोडायची आणि चार फुटांत ती सुमारे चार इंच सरकेपर्यंत खिळा फिरवत राहायचे. खिळ्याच्या डोक्यावर करवतीने बारीक खाच पाडली तर तो स्क्रू ड्रायव्हरने फिरवता येतो.

देवदार

सुतारपक्षी, तंत्र अचूक लिहिले आहे आणि त्याने गाडी वेगवान होते याबद्दल दुमत नाही. तरीही पहिल्या वर्षाच्या कुटुंबांना मी ते सांगत नाही. एक तर काही पॅक चारही चाके जमिनीला टेकली पाहिजेत असा नियम करतात, काहींना वाकवलेला खिळा चालत नाही. दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. खिळा अर्धा अंश फिरवून बघणे, पुन्हा सोडणे, पुन्हा फिरवणे हे चिकाटीचे काम मोठ्या माणसाच्या हातात जाते आणि मूल टीव्हीकडे वळते. वेबेलोस वयाच्या, म्हणजे चौथीतल्या मुलाला ते जमते आणि आवडतेही. पहिलीतल्या टायगरला नाही.

सुतारपक्षी

मान्य, पण मग नव्या माणसाने गाडी आपटत सोडायची का? मधला मार्ग आहे. खिळे न वाकवता चारही चाके लावा आणि त्याच फळीवर गाडी सोडा. ती बहुतेक वेळा कोणत्या तरी एका बाजूला जाईल. फार जात असेल तर पुढचे खिळे एकेक करून थोडे फिरवून पाहा. कोणताही खिळा अगदी सरळ नसतो, त्यामुळे फिरवल्याने फरक पडतो. चार फुटांत इंच-दीड इंचाच्या आत आली की थांबा. गाडी सोडण्याचे आणि पट्टीने मोजण्याचे काम मुलाचे, खिळा फिरवण्याचे मोठ्यांचे. मग खालून खाचेत गोंदाचा एक थेंब टाका, म्हणजे हाताळणीत खिळा हलणार नाही. थेंब चाकाकडे ओघळू देऊ नका.

देवदार

हे चांगले आहे. मूळ लेखात असायला हवे होते असे समजून सगळ्यांनी वाचावे.

आजोबा_डोंबिवली

नमस्कार मंडळी. मी सहा महिन्यांसाठी मुलाकडे टेक्सासला आलो आहे. नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये झाली, त्यामुळे कानस आणि पटाशी या माझ्या ओळखीच्या आहेत. नातू तिसरीत आहे, बेअर की काय म्हणतात तो. गेल्या मे महिन्यात त्याने माझ्यासोबत डोंबिवलीहून अलिबागपर्यंत एसटीने प्रवास केला, तेव्हापासून त्याला डर्बीसाठी लाल परीच हवी आहे. सून म्हणते की बस म्हणजे हवा अडवणारे खोके, ती शेवटी येईल. नातू पाचर करायला तयार नाही. मी काय सल्ला द्यावा? आणि मी स्वतः किती हात लावावा? मनात आणले तर एका दुपारी हुबेहूब बस करून देईन, पण वर जे लिहिले आहे ते वाचून थांबलो आहे.

देवदार

आजोबा, बसच करा. ज्या गाडीसाठी मूल हट्ट धरते, तिचे खिळे ते कंटाळा न करता घासते.

सूनबाईंचे म्हणणे खरे आहे, पण बसची खरी अडचण हवा नाही, लाकूड आहे. पूर्ण ठोकळा साधारण शंभर ते सव्वाशे ग्रॅम भरतो, चाके आणि खिळे पंधराच्या आसपास. ठोकळा न कापता बस रंगवली तर वजनासाठी फार तर पंचवीसेक ग्रॅम उरतील आणि गुरुत्वमध्य गाडीच्या मध्यावर अडकून पडेल. उपाय असा की बस बाहेरून पूर्ण ठेवा आणि पोटातून पोखरा. पुढच्या दोन-तृतीयांश भागात खालून मोठ्या बिटाने छिद्रे पाडून पटाशीने साफ करा, बाजूच्या भिंती दोन-तीन सुतांच्या आणि टप तेवढेच जाड राहू द्या. खाचांच्या जागी मात्र लाकूड भरीव ठेवा, तिथे पोखरले तर खिळे पकड सोडतील. जितके लाकूड निघेल तितके वजन मागे घालता येते.

बस उंच असण्याचा इथे एक फायदा आहे. अमेरिकन क्वार्टरचे नाणे ५.६७ ग्रॅम वजनाचे आणि पावणेदोन मिलिमीटर जाडीचे असते. दहा नाण्यांची उतरंड साडेसतरा मिलिमीटर उंच होते आणि सव्वा इंच उंचीच्या बसमध्ये सहज मावते. मागच्या आसाच्या लगेच पुढे अशी एक उतरंड बसवली की अडीच डॉलरमध्ये ५६.७ ग्रॅम हवे तिथे येतात, टंगस्टनची गरज पडत नाही. वजन पोटाखाली लोंबणार नाही एवढे पाहा.

किती हात लावावा याचे उत्तर तुमच्या अवजारांतच आहे. ड्रिल आणि पटाशी तुमची, कारण विजेची अवजारे या वयाच्या मुलांनी चालवायची नसतात. खिडक्यांची आखणी, रंग, पाटीवरचे गावाचे नाव, खिळे, ग्रॅफाइट, वजनकाटा ही कामे त्याची. खिडकीची रेघ वाकडी आली तर ती सरळ करण्याचा मोह आवरा. वर्कशॉपमध्ये तुम्ही ती पास केली नसती हे मला समजते.

सुतारपक्षी

आजोबांसाठी एक सूचना. अनेक पॅक मुलांच्या शर्यतीनंतर मोठ्यांची एक वेगळी शर्यत ठेवतात. कबमास्टरना विचारा. असेल तर दुसरी खोकी आणा आणि तिच्यावर मनसोक्त हात चालवा. घरात दोन गाड्या शेजारी शेजारी तयार होऊ लागल्या की मोठ्यांचा हात मुलाच्या गाडीवर आपोआप जायचा थांबतो. माझ्या पाहण्यात यापेक्षा खात्रीचा उपाय नाही.

आजोबा_डोंबिवली

मुलाने विचारून सांगितले, मोठ्यांची शर्यत आहे. उद्याच दुसरी खोकी आणतो. नातवाने पाटीवर 'डोंबिवली–अलिबाग' लिहायचे ठरवले आहे, पण देवनागरी लिहिताना तो अजून अडखळतो, म्हणून रोज संध्याकाळी सराव चालू आहे. आई सांगून थकली होती, ते काम बसने केले. एक विचारतो : वजन घरच्या काट्यावर केले तर चालेल का? सुनेचा काटा एका ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो.

देवदार

घरचा काटा अंदाजापुरता ठीक आहे, पण निकाल पॅकच्या काट्यावर होतो आणि दोन काट्यांत एखाद्या ग्रॅमचा फरक सहज असतो. म्हणून घरी १४० च्या आसपास थांबा आणि शेवटचे दीड-दोन ग्रॅम नोंदणीच्या टेबलाशी भरा. टंगस्टनची चिकटणारी लांबी, म्हणजे पुट्टी, मिळते, तिचे छोटे गोळे पोटातल्या खड्ड्यात दाबून काट्यावर बघत जायचे. जास्त झाले तर चिमटीने काढता येते. हे काम नातवाकडे द्या आणि आपण मागे उभे राहा.

रेवा_एडिसन

आमच्या पॅकचा कापणीचा दिवस पुढच्या शनिवारी आहे, मुलीने कागदावर पाचर काढून ठेवली आहे. तिच्या पाचरीला शेपटीशी मांजरीचे दोन कान आहेत, ते ठेवायचेच असे तिचे म्हणणे आहे. आता शर्यतीच्या दिवसाबद्दल विचारायचे आहे. पहिलीच फेरी हरली तर ती बाद होणार का? आणि नोंदणीनंतर गाडी आपल्याकडेच राहते का?

देवदार

कान राहू द्या, फक्त गोलसर घासून घ्या म्हणजे हाताळताना तुटणार नाहीत.

बहुतेक पॅक आता बाद पद्धत वापरत नाहीत. प्रत्येक गाडी प्रत्येक लेनमधून एकेकदा धावते, इलेक्ट्रॉनिक घड्याळ वेळ टिपते आणि सरासरी वेळेवर क्रम लागतो. कोणतीही लेन किंचित वेगवान असली तरी सगळ्यांना ती सारखीच मिळते. हे मुलीला आधीच समजावून सांगा, कारण एका फेरीत शेवटी आलेली गाडी सरासरीत वर येऊ शकते आणि मुले पहिल्या फेरीनंतरच रडू लागतात. वेगाशिवाय सजावटीची बक्षिसेही बऱ्याच पॅकांत असतात, तिथे कान उपयोगी पडतील.

नोंदणीत गाडीचे वजन, लांबी, रुंदी आणि पोटाखालची जागा तपासतात आणि त्यानंतर गाडी आयोजकांच्या टेबलावर राहते. पुष्कळ ठिकाणी नोंदणी आदल्या संध्याकाळीच होते. एकदा गाडी दिली की ग्रॅफाइट लावता येत नाही, म्हणून शेवटचा हात नोंदणीच्या रांगेत लागण्याआधी, पार्किंगमध्येच फिरवून घ्या. न्यायला बुटांचे खोके घ्या आणि गाडी त्यात उलटी किंवा पोटाखाली लाकडाचा तुकडा देऊन ठेवा, म्हणजे भार चाकांवर येणार नाही. मुलीला घरच्या फरशीवर गाडी पळवू देऊ नका. फरशीवरची बारीक वाळू खिळ्यांवर जाते आणि दोन आठवड्यांचे घासणे वाया जाते. तिला पळवायला काहीतरी हवेच असेल तर ठोकळ्याच्या कापून उरलेल्या तुकड्याला जुन्या खेळण्याची चाके लावून द्या.

रेवा_एडिसन

उरलेल्या तुकड्यावर तिच्या धाकट्या भावाने आधीच हक्क सांगितला आहे. तो पुढच्या वर्षी बालवाडीत, म्हणजे लायन डेनमध्ये जाईल. शनिवारी कापून आणल्यावर खाचांना गुण्या लावण्याबद्दल पुन्हा विचारीन, कारण घरात गुण्या नाही.

सुतारपक्षी

गुण्या नसला तर पोस्टकार्डाचा कोपरा चालतो. पण ते कापण्याआधी बघा, नंतर नाही. पाचर कापली की टेकवायला सरळ बाजू कमी उरतात. खाच तिरपी निघाली तर शनिवारी बँडसॉपाशी जो कोणी असेल त्याला दाखवा. नियम परवानगी देत असतील तर तो खाचेच्या जागी सरळ छिद्र पाडून देईल, नाहीतर दुकानातून ठोकळा बदलून आणा.